झाड गेले, दंड कोणावर?

नारपोलीहून अंजूरफाट्याकडे आणि तिथून राहनाळ, पूर्णा, काल्हेर, कशेळीच्या दिशेने निघाले की भिवंडी-निजामपूर महापालिकेची हद्द कुठे संपली आणि ग्रामपंचायत कुठे सुरू झाली, हे डोळ्यांना कळत नाही. यंत्रमागांची खडखड मागे पडते, गोदामांचे पत्रे सुरू होतात, कंटेनरची रांग मात्र दोन्हीकडे सारखीच असते. झाडाच्या दृष्टीने ही न दिसणारी रेघ फार मोठी आहे. रेघेच्या अलीकडे एखाद्याने आपल्याच आवारातले झाड परवानगीशिवाय पाडले तर त्याला १९७५ चा नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा आणि जतनाचा कायदा लागतो. पलीकडे शेतजमिनीवर तेच केले तर १९६४ चा झाडे तोडण्याचे विनियमन करणारा कायदा लागतो. दोन्ही कायदे महाराष्ट्राचे आणि दोन्ही खासगी जमिनीलाही लागू, पण त्यांतली शिक्षा, गुन्ह्याची व्याख्या आणि कारवाई करणारे खाते वेगवेगळे आहे.

खासगी जमिनीवरच्या झाडाचा प्रश्न नेहमी एकाच वाक्यापाशी येऊन अडतो: जागा माझी, झाड माझे, विचारणारे तुम्ही कोण? या वाक्यात तथ्य नाही असे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता खातेदाराचा त्याच्या जमिनीवरच्या झाडांवरचा हक्क मान्य करते. पण तोडण्यावर राज्य बंधन घालू शकते, हेही कायद्यानेच ठरलेले आहे. झाड मालकाचे असते, त्याची सावली, त्याने धरून ठेवलेले पाणी आणि गाळलेली धूळ मात्र शेजारच्या चाळीलाही मिळते. नारपोलीसारख्या ठिकाणी, जिथे कारखाना आणि घर एकाच भिंतीला टेकून उभे आहे, तिथे शेजाऱ्याचे हे देणे मालकाच्या हक्काइतकेच खरे मानावे लागते.

आधी शहरातला कायदा पाहू. १९७५ च्या कायद्याने प्रत्येक महापालिकेत आणि नगरपालिकेत वृक्ष प्राधिकरण आणले, वृक्ष अधिकारी नेमायला लावला, दर पाच वर्षांनी झाडांची गणना सांगितली. यात झाडाच्या जातीला महत्त्व नाही. वड असो, गुलमोहर असो की अंगणातला शेवगा, तोडायचा तर अर्ज हवा. अर्ज आला की पाहणी होते, झाडावर नोटीस लागते, हरकती मागवल्या जातात, आणि परवानगी मिळाल्यावरही पंधरा दिवस थांबावे लागते, कारण हरकत असलेल्याला दाद मागायला वेळ मिळाला पाहिजे. मुंबईत मेट्रोच्या आरे कारशेडच्या वेळी ऑक्टोबर २०१९ मध्ये रात्री सुरू झालेल्या तोडीत दोन हजारांहून अधिक झाडे पडली, तेव्हा याच पंधरा दिवसांवरून वाद पेटला होता. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर बहुतेक झाडे गेलेली होती.

या कायद्याच्या कलम २१ मधली मूळ शिक्षा अशी: प्रत्येक गुन्ह्याला किमान एक हजार आणि कमाल पाच हजार रुपये दंड, शिवाय किमान एक आठवडा आणि कमाल एक वर्ष कैद. यातल्या दोन गोष्टींकडे सहसा लक्ष जात नाही. पहिली, प्रत्येक झाड हा स्वतंत्र गुन्हा धरला आहे. दहा झाडे म्हणजे दहा गुन्हे. दुसरी गोष्ट माझ्या मते अधिक महत्त्वाची. कायदा तोडणाऱ्याला पकडतो तसा तोडायला लावणाऱ्यालाही पकडतो. कटर मशीन चालवणारा रोजंदारीचा मजूर समोर सापडतो म्हणून त्याचे नाव कागदावर येते. ज्याच्या प्लॉटसाठी झाड गेले, तो मात्र 'मला कल्पना नव्हती' एवढे सांगून बाजूला होतो. कायद्याच्या शब्दांत ही पळवाट नाही, ती पंचनाम्यात तयार होते.

२०२१ च्या दुरुस्तीने शहरी कायद्यात बरेच बदलले. पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला 'हेरिटेज' म्हणजे वारसा वृक्षाचा दर्जा आला. तोडलेल्या झाडाचे वय जितके, तितकी नवी झाडे लावायची, ती रोपे नव्हेत तर सहा ते आठ फुटांची असावीत, त्यांचे ठिकाण नोंदवावे आणि सात वर्षे ती जगवावीत, अशी तरतूद झाली. महापालिकांच्या जाहीर इशाऱ्यांत आता झाडामागे एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडाचा आकडा दिसतो. पाच हजारांवरून एक लाख ही मोठी उडी आहे. तरी भिवंडीत जागेला जो भाव आहे, त्यापुढे एक लाखही फार थोडा आहे, हे इथला कोणताही दलाल सांगेल.

आता रेघेपलीकडे जाऊ. १९६४ च्या कायद्याने सगळ्या झाडांना हात घातला नाही, अनुसूची केली. हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिबळा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी ही मूळ अनुसूचीतली सोळा नावे. यातले झाड आपल्या शेतातले असले तरी वृक्ष अधिकारी म्हणून नेमलेल्या वन किंवा महसूल अधिकाऱ्याची परवानगी हवी. नियम मोडला तर दंड एक हजार रुपयांपर्यंत, आणि लाकूड सरकारजमा. कैद नाही. वड, पिंपळ, उंबर आणि कडुलिंब या यादीत नाहीत. त्यामुळे नारपोलीतल्या आवारातला वड तोडणे गुन्हा, आणि दोन-तीन किलोमीटरवरच्या गावातल्या शेतातला त्याच वयाचा वड या कायद्याच्या नजरेत येतच नाही. ज्या गावांमध्ये आज आठ-आठ पदरी वाहतूक आणि लाखो चौरस फुटांची गोदामे आहेत, तिथे १९६४ च्या खेड्यासाठी लिहिलेली अनुसूची चालते, ही या प्रश्नातली सगळ्यात मोठी विसंगती आहे.

ती कशी आली हे समजून घ्यायला भिवंडीची वाढ पाहायला हवी. मुंबईच्या जकातीच्या कक्षेबाहेर, पण मुंबईच्या दारात, अशी ही गावे होती. माल इथे उतरवायचा, लागेल तसा शहरात न्यायचा. भाताची खाचरे आणि खाडीकाठची खार जमीन भराव टाकून गोदामांखाली गेली. जकात गेली तरी गोदामे वाढतच राहिली. आता ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे खांब याच कशेळी-काल्हेर-अंजूरफाटा रस्त्यावर उभे आहेत आणि समृद्धी महामार्ग तालुक्यातल्या आमणे गावापाशी येऊन मिळाला आहे. नकाशात हा सगळा पट्टा शहर झाला. झाडाच्या कायद्यापुरता तो अजून खेडे आहे.

७ ऑगस्ट २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने १९६४ च्या कायद्यातला एक हजाराचा दंड पन्नास हजारांवर नेण्याचा निर्णय घेतला, तेव्हा शहरातल्या वृक्षप्रेमींना आनंद झाला आणि कोकणातून मात्र विरोधाचा सूर उठला. हा विरोध मी नुसता लाकूडवाल्यांचा मानत नाही. रत्नागिरीत वनखात्याच्या ताब्यातली जमीन फार थोडी आहे. डोंगर, राई, बांध सारे लोकांच्या मालकीचे. मुलीच्या लग्नाला, आजारपणाला, घराच्या वाशांना माणूस आपल्या डोंगरातला ऐन किंवा किंजळ काढतो. पुन्हा फुटवे येतात, पुन्हा जंगल उभे राहते. त्या शेतकऱ्याला एका झाडामागे पन्नास हजार म्हणजे वर्षाची कमाई. भिवंडीच्या गोदाममालकाला तेच पन्नास हजार म्हणजे एका दिवसाचा किरकोळ खर्च. एकच आकडा दोघांना लावला की तो एकाला चिरडतो आणि दुसऱ्याला जाणवतही नाही. शिवाय परवानगीचा जाच वाढला की शेतकरी बांधावर साग, चंदन, खैर लावायचेच टाळतो, हा अनुभव महाराष्ट्रात जुना आहे. शिक्षेच्या भीतीने झाडे कमी लागावीत यापेक्षा उलटे काय असणार?

दुबळ्या मालकाचा विचार करणारा एक कायदा आपल्याकडे आहे, त्याची आठवण फार कमी लोक काढतात. अनुसूचित जमातीच्या खातेदारांच्या झाडांच्या विक्रीचे नियमन करणारा कायदा १९६९ मध्ये झाला. ठाण्याच्या पट्ट्यातल्या वारली, काथोडी, मल्हार कोळी कुटुंबांच्या जमिनीवरचा खैर आणि साग ठेकेदार कवडीमोलाने नेत, ते थांबावे हा त्याचा हेतू. तिथे झाडाचे रक्षण आणि मालकाचे रक्षण एकाच कायद्याने करायचा प्रयत्न झाला. दंडाची भाषा बोलताना हा धागा सोडू नये.

खारफुटीची गोष्ट वेगळी आणि जास्त कडक आहे. खाडीकाठच्या आगरी-कोळी माणसांची ती तिवरे. १९६४ च्या अनुसूचीत ती होतीच, पण खरे संरक्षण आले ते उच्च न्यायालयातून. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये राज्यभर खारफुटीची तोड थांबवली आणि १७ सप्टेंबर २०१८ रोजी अंतिम निकाल दिला. खंडपीठ न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती रियाझ छागला यांचे होते. जमीन कोणाच्याही मालकीची असो, तिच्यावर खारफुटी असेल तर ती तोडता येणार नाही. भोवतालच्या पन्नास मीटरांतही बांधकाम नाही, आणि जिथे ती नष्ट केली तिथे ती पुन्हा उभी करायची जबाबदारी सरकारची. त्यानंतर बुलेट ट्रेनसारख्या सरकारी प्रकल्पालाही खारफुटी काढण्यासाठी उच्च न्यायालयाच्या दारात यावे लागले. डिसेंबर २०२२ मध्ये सुमारे वीस हजार खारफुटींसाठी ती परवानगी मिळाली.

कशेळी, काल्हेर, दिवे-अंजूर हा खाडीचा पट्टा नारपोली पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतो. इथे तिवरे सहसा कुऱ्हाडीने जात नाहीत. भरतीच्या पाण्याची वाट भरावाने बंद केली की ती महिन्या-दोन महिन्यांत जागीच सुकतात. मग 'इथे तिवरे होतीच कुठे' असे विचारायला मालक मोकळा. अशा प्रकरणात पर्यावरण संरक्षण कायदा लावला जातो. त्याच्या कलम १५ मध्ये पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती कैद काढली आणि त्याजागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला. १ एप्रिल २०२४ पासून तो अमलात आला. पंधरा लाख हा आकडा एक हजाराच्या तुलनेत मोठा आहेच. पण तुरुंगाची भीती गेली की दंड हा भरावाच्या अंदाजपत्रकातला आणखी एक खर्च होतो. कैदेची तरतूद क्वचितच वापरली गेली, हा युक्तिवाद खरा असला तरी ती काढून टाकण्याचे ते कारण मला पटत नाही.

याच न्यायमूर्ती ओकांचे नाव पुढे दिल्लीत पुन्हा येते. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात वकिली सुरू केलेला हा माणूस सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मार्च २०२५ मध्ये न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांच्यासह त्यांनी खासगी जमिनीवरच्या झाडांबाबत देशभर गाजलेला आदेश दिला. प्रकरण मथुरा-वृंदावनचे, ताजमहालाभोवतीच्या संरक्षित पट्ट्यातले. सप्टेंबर २०२४ मधल्या एका रात्री ४५४ झाडे तोडली गेली. त्यातली ४२२ खासगी जमिनीवरची होती, उरलेली रस्त्याकडेच्या संरक्षित पट्टीतली. केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने झाडामागे एक लाख रुपये दंड सुचवला, न्यायालयाने तो मान्य केला आणि कमी करायला नकार दिला. एकूण रक्कम ४ कोटी ५४ लाख. इतकी झाडे मारणे हे माणूस मारण्याहून वाईट आहे, असे न्यायालय बोलले, आणि तेवढी हिरवाई पुन्हा यायला किमान शंभर वर्षे लागतील, असेही. खासगी आणि वनेतर जमिनीवरची झाडे तोडायला त्या पट्ट्यात पूर्वपरवानगी लागणार नाही, अशी २०१९ मध्ये दिलेली सवलतही न्यायालयाने मागे घेतली.

हा आदेश मोठाच, पण तो एका विशेष पट्ट्यापुरता, आणि सर्वोच्च न्यायालय ज्यावर चाळीस वर्षे नजर ठेवून आहे अशा खटल्यात आलेला. काल्हेरच्या बांधावर पडलेल्या चिंचेसाठी कोणी दिल्लीला जाणार नाही. तिथला निकाल तलाठी, वनपाल आणि पोलीस हवालदारच ठरवणार.

झाडाची किंमत ठरवायचा एक प्रयत्न याच्या चार वर्षे आधी झाला होता. शरद बोबडे हे नागपूरचे गृहस्थ सरन्यायाधीश असताना, पश्चिम बंगालमधल्या रेल्वे उड्डाणपुलांसाठी तोडायच्या झाडांच्या प्रकरणात न्यायालयाने तज्ज्ञ समिती नेमली. २०२१ मध्ये समितीने सांगितले की झाडाचे वय गुणिले ७४,५०० रुपये ही त्याची किंमत धरावी. चाळीस वर्षांच्या आंब्याला हा हिशेब लावला तर २९ लाख ८० हजार होतात. समितीचा अहवाल म्हणजे कायदा नव्हे आणि त्यातल्या प्राणवायूच्या किमतीवर वाद घालता येईल. तरीही तीस लाखांच्या वस्तूला एक हजाराचा दंड हे गणित डोळ्यांसमोर मांडले, हे त्या समितीचे काम मला मोलाचे वाटते.

माझे म्हणणे मात्र आकड्याच्या थोडे पुढचे आहे. दंड किती, यापेक्षा तो कशाला बांधलेला आहे, यावर झाडाचे जगणे ठरते. इंग्लंडच्या १९९० च्या नगररचना कायद्यात दोन साध्या गोष्टी आहेत. संरक्षित झाड बेकायदा पाडणाऱ्याला शिक्षा ठरवताना, त्या तोडीतून त्याला झालेला किंवा होऊ शकणारा आर्थिक फायदा न्यायालयाने विचारात घ्यायचा. आणि त्याच जागी नवे झाड लावायची जबाबदारी जमिनीच्या मालकावर राहते. जमीन विकली तर ती नव्या मालकाकडे जाते. दंड माणसावर, पण झाडाचे देणे जमिनीवर.

भिवंडीला नेमके हेच हवे आहे. इथे झाड लाकडासाठी क्वचित जाते. ते जाते प्लॉट मोकळा करायला, भिंत सरळ घालायला, कंटेनर वळायला. म्हणजे फायदा जमिनीच्या वापरात आहे. मग शिक्षाही तिथेच पोहोचायला हवी. बेकायदा तोडीची नोंद ज्या सर्व्हे नंबरवर आहे, त्यावर बिगरशेती परवानगी, बांधकाम परवाना किंवा भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी बदली झाडे उभी आहेत का, ती जगली आहेत का, हे तपासावे. ती जगेपर्यंत कागद पुढे सरकू नये. बांधकामाचे सहा महिने अडकणे ही इथल्या विकासकाला एक लाखापेक्षा कितीतरी मोठी शिक्षा आहे. घराला वासे काढणाऱ्या शेतकऱ्याला मात्र तिची झळ लागणार नाही, कारण तो कसला भोगवटा मागायला जात नाही.

यावर गंभीर आक्षेप आहे आणि तो ठाणे-मुंबईच्या लोकांनी सोसलेला आहे. महाराष्ट्र खासगी वने संपादन कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ रोजी असंख्य जमिनी सरकारजमा झाल्या. पण पन्नासच्या दशकात काढलेल्या, पुढे न नेलेल्या नोटिशींच्या आधारावर, दशके उलटल्यावर सातबारावर 'वन' अशी नोंद चढू लागली तेव्हा तिथे रीतसर परवानग्यांनी घरे बांधून राहणाऱ्या लोकांची झोप उडाली. सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०१४ रोजी गोदरेज कंपनीच्या खटल्यात त्या नोंदी टिकणार नाहीत असा निकाल दिला. जमिनीला कायमचे देणे चिकटवायचे तर नोंद ताजी, जागेवर तपासलेली आणि मालकाला कळवलेली हवी. जुन्या कागदाच्या बळावर ते केले तर अन्याय होतो आणि न्यायालयात टिकतही नाही.

म्हणून सगळे येऊन थांबते ते पुराव्यावर. बेकायदा तोड सहसा शनिवार-रविवारी किंवा सणाच्या सुट्टीत होते. सोमवारी अधिकारी येईपर्यंत बुंधा जेसीबीने उपटलेला, खड्डा मुरुमाने भरलेला असतो. दुसरी पद्धत अधिक सावकाश: खोडाची साल गोल सोलायची, भोक पाडून विष ओतायचे, किंवा मुळांवर काँक्रीट घालायचे. घाटकोपरच्या छेडानगरला मे २०२४ मध्ये महाकाय जाहिरात फलक कोसळून माणसे मेली. त्या फलकाआड येणारी झाडे विष घालून मारल्याची तक्रार महापालिकेने पोलिसांत केली होती. झाड 'वठले' म्हणून धोकादायक ठरते, आणि धोकादायक झाड काढायची परवानगी सहज मिळते. ते का वठले, हे पाहायला वनस्पती ओळखणारा माणूस लागतो. २०१८ मध्ये मुंबईच्या वृक्ष प्राधिकरणात तज्ज्ञच नाहीत म्हणून उच्च न्यायालयाला त्याच्या निर्णयांना स्थगिती द्यावी लागली होती. मुंबईची ही गत, तर लहान महापालिकांचे काय.

कायद्यातल्या व्याख्याही किती नाजूक असतात पाहा. गोव्यात २०१६ च्या सुरुवातीला सरकारने माडाला झाडांच्या व्याख्येतून वगळले. परवानगीशिवाय माड तोडणे एका फटक्यात निर्दोष झाले. लोकांनी रान उठवले, २०१७ मध्ये माड परत आला आणि राज्यवृक्षही झाला. महाराष्ट्राच्या १९६४ च्या अनुसूचीत वड-पिंपळ आणायला तितकाच एक सरकारी निर्णय पुरेसा आहे, निदान मुंबई महानगराभोवतीच्या गोदामांच्या गावांपुरता तरी.

नोंदीसाठी नवे खाते काढावे लागणार नाही. शहरात १९७५ च्या कायद्याची पंचवार्षिक वृक्षगणना आहे. ती खासगी आवारांतही नीट व्हावी, सिटी सर्व्हे नंबरसह, बुंध्याच्या घेरासह, आणि लोकांना पाहता यावी. गावात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू आहे. शेतकरी स्वतः शेतात उभा राहून मोबाइलवर पिकाचा फोटो टाकतो, आणि त्याच ॲपमध्ये बांधावरची झाडे नोंदवायची सोय आहे. राहनाळ-पूर्ण्याच्या ज्या थोड्या शेतांत अजून भात होतो, तिथल्या खातेदाराने आपली चिंच, आपला आंबा तिथे चढवला, तर उद्या जमीन विकली गेली तरी ती चिंच सर्व्हे नंबरवर तारखेसह राहील. मग 'इथे झाड होतेच कुठे' या प्रश्नाचे उत्तर तलाठ्याच्या हातात असेल, आणि नारपोली ठाण्यात फिर्याद द्यायला येणाऱ्या वनपालाला खड्ड्यावरचा मुरूम उकरत बसावे लागणार नाही.